काढून टाकलेली ओळ

एकदा एका कोशमंडळात एक वृद्ध संपादक आणि त्यांचा तरुण शिष्य शब्दकोशाचे काम करीत होते. संगणकावरच्या ज्या लेखनसाधनात ते मजकूर लिहीत, त्याला लिस्प नावाच्या भाषेत नवी कामे शिकवता येत. मात्र शिकवलेले काम आतल्या आतच राही. 'माणसाने नाव घेताच हजर हो' असे सांगणारी एक ओळ त्यात घातली, तरच ते आज्ञा म्हणून कोणालाही चालवता येई. काम सुरू करण्याआधी माणसाला काय विचारायचे, तेही त्याच ओळीत लिहीत.

शिष्याने एक आज्ञा रचली. ज्या शब्दांना छापील ग्रंथाचा आधार नाही, त्यांच्या नोंदी ती एका दमात पुसून टाकी. मंडळाच्या बैठकीत ती दाखवायची आणि मुख्य सहायकाचे पद पदरात पाडून घ्यायचे, असा त्याचा बेत होता. बैठकीत त्याने मोठ्या ऐटीत आज्ञेचे नाव टंकले. 'अशी आज्ञा नाही,' असे उत्तर पडद्यावर उमटले. सभासद एकमेकांकडे पाहू लागले आणि बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

नंतर फाइल उघडून पाहतो, तर नेमकी ती एक ओळ नाहीशी. फाइलीला हात लावणारे दुसरे होते तरी कोण? म्हाताऱ्याच्या पोटात दुखले, हे त्याने पक्के धरले. मग त्याला सगळ्यातच काळेबेरे दिसू लागले. गुरुजींनी रचलेली कामे दोनशे, पण नावाने बोलावता येण्याजोगी जेमतेम नऊ. उरलेली विद्या कोणासाठी दडवून ठेवली होती? गुरुजींनी चहा विचारला तरी त्यात त्याला डाव दिसे. आठवडाभर तो असा धुमसत राहिला आणि अखेर राजीनामा लिहून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"ती ओळ तुम्हीच काढलीत ना?"

"मीच," गुरुजी म्हणाले. "बैठकीआधी तुला गाठून सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण तुझी आज्ञा कोणाला काही विचारतच नव्हती. बैठकीत ती चालली असती किंवा उद्या कोणी सहज तिचं नाव टंकलं असतं, तर खेड्यापाड्यांत ऐकून टिपलेले चार हजार शब्द गेले असते. न विचारता चालणारं काम मी लोकांच्या हाती देत नाही, आतच ठेवतो. आणि तूही आठवडाभर मला दोषी ठरवून बसलास. एकदा तरी विचारलंस?"

शिष्य वरमला. गुरुजींनी त्याला तिथेच बसवून ती ओळ पुन्हा लिहायला लावली आणि तीत घालायचा प्रश्नही सांगितला. मग म्हणाले, "आता चालव."

शिष्याने नाव टंकले. या वेळी आज्ञा हजर झाली आणि तिने विचारले, 'या नोंदी कोणी तपासल्या? नाव लिहा.'

आपले नाव लिहायला उचललेली बोटे तिथेच थबकली. चार हजारांतली एकही नोंद त्याने वाचली नव्हती. त्याने आज्ञा रद्द केली आणि पहिली नोंद उघडली. आधारग्रंथाच्या नावाच्या जागी तो शब्द सांगणाऱ्या एका बाईचे नाव आणि तिचे गाव लिहिलेले होते. शिष्याने ती नोंद शेवटपर्यंत वाचली आणि मग पुढची उघडली.