न वेचलेला हिरडा

झऱ्याकाठच्या आंब्याला मिठी मारून फोटो काढून झाले असतील, तर वीस पावलं वर या. हा हिरडा पाहा. गडदवाडीत हिरडे शेकड्यांनी आहेत. त्यांचं कोवळं फळ, म्हणजे बाळहिरडा, हंगामात जमिनीवर राहत नाही. तो विकूनच इथल्या चुली पेटतात. या एका झाडाखाली मात्र तो पडल्या जागी सुकतो. त्याची हकिकत अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी दिगंबर आंबडोसकर नावाचे कादंबरीकार हवापालटासाठी इथे आले आणि ठकूबाई लोहकरे हिच्या पडवीत चार महिने राहिले. ठकूबाईचं पहिलं मूल तान्हेपणीच गेलं होतं. ते या हिरड्याखाली पुरलेलं. रोज उन्हं कलली की ती इथे येऊन बसायची. आंबडोसकरांनी ते पाहिलं. आणि कादंबरीकाराने पाहिलं म्हणजे ते छापून येणारच.

ठकूबाई म्हणाली, "भाऊ, काय लिवायचं ते लिवा. पर माझ्या लेकराच्या जागंवर मानसं आणू नका."

त्यांनी शब्द दिला. कादंबरीत नायिका झऱ्याकाठच्या आंब्याखाली बसून रडते. झऱ्यावर आंबा कधीच नव्हता. टीकाकारांनी लिहिलं, लेखकाला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. वाचक येऊन आंबा शोधत आणि हिरमुसून परत जात. आंबडोसकर गप्प राहिले. लेखकाच्या बाबतीत हाही चमत्कारच म्हणायचा.

मग बऱ्याच वर्षांनी, एका चैत्रात वणवा लागला. तीन दिवस डोंगर जळत होता. चौथ्या दिवशी राख इतकी हलकी, इतकी सावकाश पडत होती म्हणे, की आपण अजून झोपेतच आहोत असं वाडीला वाटलं. गवत नाही, कारवी नाही, पायवाट नाही, पाखराचा आवाज नाही. पुस्तकातला डोंगर गेला आणि खराही गेला. झऱ्याच्या वरच्या काळ्या मऊ उतरणीवर एकच जळका बुंधा उभा होता, या हिरड्याचा.

शहरातून वाचक मंडळ आलं. "सापडला! हाच तो आंबा!" अध्यक्षांचे डोळे भरून आले. बुंधा खणून काढून तिथे आंब्याचं कलम लावायचं ठरलं. कुदळी बाहेर निघाल्या, तशी ठकूबाई बुंध्याला पाठ लावून बसली.

"आजी, उठा बरं. पुस्तकात लिहिलंय, इथे आंबाच होता."

"मग लिवनाऱ्याला बोलवा."

आंबडोसकर आले. वय ऐंशी, हातात काठी. आपण चुकलो नव्हतो हे सांगायची आयुष्यातली एकमेव संधी त्यांच्यासमोर होती. 'इथे हिरडा होता, आंबा मी मुद्दाम लिहिला', एवढं वाक्य पुरलं असतं. पण पुढचा प्रश्न 'का?' असा आला असता, आणि त्याचं उत्तर या मातीखाली होतं. त्यांनी ठकूबाईकडे पाहिलं आणि काठी झऱ्याकडे केली.

"आंबा तिथे होता. त्याचे आंबे मी स्वतः खाल्लेत."

"पण तिथे तर मूळसुद्धा दिसत नाही!"

"माझं झाड कुठे होतं, हे तुम्ही मला सांगणार?"

मंडळ नाइलाजाने खाली उतरलं. "वयोमानाने होतं असं," अध्यक्ष कुजबुजले. कलम झऱ्याकाठी लागलं.

ठकूबाईने झऱ्याची कळशी आणून बुंध्याला पाणी घातलं. पाऊस यायच्या आधीच त्या कोळशातून तांबूस पालवी फुटली, असं सांगतात. जाणकार म्हणतात, हिरडा जळल्यावर बुडातून असाच फुटतो. फुटत असेल. वाडीने त्यांचं ऐकून घेतलं, चहा दिला.

आता दोघंही नाहीत. ठकूबाईची धाकटी लेक वाडीतच असते. तिला विचारूनच तुम्हाला वर आणलं. हळू बोलायचं, एवढीच तिची अट.

आजही वाचक खाली आंब्याशी बसतात, आणि कादंबरीत वर्णिलेली ती जुनी सावली हीच, हे त्यांना लगेच पटतं. आजही बाया पाट्या घेऊन बाळहिरडा वेचत, हसत, एकमेकींना चिडवत इथवर येतात. या झाडाजवळ आल्या की पाटी बाजूला धरतात, वळसा घालतात आणि आवाज उतरवतात. पाळण्यात मूल झोपलेलं असलं की घरात उतरवतात तसा.