पिस्टनचा अडसर

"मेस्त्रीनू, आता तरी दुकान घालू काय?"

लाडू मेस्त्रींनी मान वर केली नाही. ते कानसीनं साखळीचे दात घासत राहिले.

सुहास धुरीनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. सात वर्षं तो घाटाखालच्या या शेडमध्ये मेस्त्रींच्या हाताखाली लाकूडतोड्यांची चेनसॉ मशिनं दुरुस्त करत होता. गुरूनं होकार दिल्याशिवाय दुकान घातलं, तर त्या मुलखात एकही लाकूडतोड्या त्याची पायरी चढला नसता.

पण आज तो रिकाम्या हातानं आला नव्हता. जुन्या स्पार्क प्लगचं कवच, त्यात बसवलेला पोलादी दांडा, वर चकचकीत पॉलिश. क्लच खोलताना इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन रोखून धरायचा अडसर त्यानं घरीच घडवला होता. हे बघून कंपनीवालेसुद्धा तोंडात बोटं घालतील, असं त्याला वाटत होतं. वाटून घ्यायला काय जातं!

"मेस्त्रीनू, बघा तरी."

मेस्त्रींनी अडसर हातात घेतला. टोकावरून अंगठा फिरवला...

"घट आसा, दगडासारखो," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी आपलं स्वतःचं मशीन त्याच्यापुढे आणून ठेवलं. चोवीस वर्षं वापरलेलं. एका वादळात याच मशीननं त्यांनी पडलेल्या झाडाखालून दोन माणसं जिवंत बाहेर काढली होती. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"ह्येचो क्लच खोल."

सुहासची छाती फुगली. त्यानं प्लग काढून अडसर पिळून बसवला, पाना लावला. क्लच जाम झालेला, हलेना. त्यानं पान्यावर हातोडी मारली. एकदा... दोनदा.

तिसऱ्या घावाला आत काहीतरी फुटलं.

अडसर काढून त्यानं भोकातून बॅटरी मारली. पिस्टनच्या माथ्याला आरपार छिद्र पडलं होतं.

सात वर्षांची मेहनत आपण तीन घावांत मातीत घातली, असं वाटून त्याला रडूच कोसळलं.

मेस्त्री रागावले नाहीत. त्यांनी खुंटीवरची स्टार्टरची जुनी दोरी घेतली, एका टोकाला गाठ मारली आणि दुसरं टोक प्लगच्या भोकातून हळूहळू आत सोडलं. वीतभर... आणखी वीतभर. मग पाना धरून नुसता नेट लावला. पिस्टन दोरीच्या वेटोळ्यावर अलगद टेकला आणि तिथंच थांबला.

मेस्त्री नेट धरून राहिले...

क्लच सुटला.

सुहास त्या दोरीकडे बघतच राहिला.

"माझो अडसर पिस्टन फोडतलो, ह्यां तुमका म्हायत होतां?"

"होय."

"मग माका अडवलात कित्या नाय?"

मेस्त्रींनी मशीनवर हात ठेवला. तो त्यांना लवकर उचलवेना...

"ह्यां मशीन माझां होतां," ते म्हणाले. "उद्यापासून तुझ्या दुकानात येतली, ती लोकांची."