न मागितलेला विसावा

एका राज्यात, जिथे फासे टाकणे ही तलवारीइतकीच मानाची विद्या होती, तिथे जयंधर नावाचा राजपुत्र होता. हस्तिदंती फासे त्याच्या तळहातावरून घरंगळले की मागितलेले दान पडे. सहा, सहा आणि एक, म्हणजे पौबारा, हा तर त्याच्या हातचा मळ.

तिथे एक जुनी रीत होती. खेळाडूने पटावर तळहात उपडा ठेवून 'विसावा' म्हटले, की डाव दुसऱ्या दिवसावर जाई. राजघराण्यातल्या कुणी मात्र तो कधी मागितला नव्हता. मोठ्यांची अब्रू ती, एका झोपेनेही जायची!

पुढे घोरनाद मांत्रिकाचा दरबारात अपमान झाला. संतापून त्याने राज्यातल्या विहिरी आटवल्या आणि जयंधराची धाकटी बहीण मंजुघोषा हिची मैना केली. मैनेला खांद्यावर घेऊन राजपुत्र त्याच्या गुहेत गेला.

"उःशाप सांगा."

"तीन फासे तूच आणायचेस. एक सरोवराच्या तळाशी, एक कड्याच्या माथ्यावर, एक बोलत्या शिळेखाली. मग एकाच फेकीत पौबारा. चुकलास, तर ही जन्मभर मैना."

जयंधराने सरोवराचा तळ उपसला. ओल्या अंगाने कडा चढला. शिळा म्हणाली, "हात लावशील तर दुप्पट जड होईन," आणि ती झाली. तरी त्याने ती उलथली. परतला तेव्हा त्याचे दंड थरथरत होते आणि पाण्याचा तांब्या हातात ठरत नव्हता.

"दादा, विसावा माग," मैना म्हणाली.

"आपल्या घराण्यात कुणी मागितला आहे?"

"तुझी बोटं मिटत नाहीत."

"मिटतील."

 घोरनादाने फाशांवर कसलाही मंत्र घातला नव्हता. त्याला दमलेला हात पुरेसा होता.

जयंधराने फासे टाकले. सहा पडले. पुन्हा सहा पडले. तिसरा फासा बधिर बोटाला अडखळला, आडवा घसरला आणि त्यावर दोन आले.

 मैनेने विचारले, "दुसरा डाव मिळेल?"

"मिळेल. मोल लागेल."

"माझी वाचा घ्या."

"नको!" जयंधर ओरडला. "माझा हात घ्या."

"दमलेला हात घेऊन मी काय करू?" घोरनाद म्हणाला. "आणि गेलेली वाचा परत येत नाही, मुली."

"कबूल. दादा, आता तरी झोप."

ते तिचे शेवटचे शब्द. जयंधराने पटावर तळहात उपडा ठेवला, रडत 'विसावा' म्हटले आणि तिथेच त्याला झोप लागली. उजाडताच त्याने फासे टाकले. पौबारा इतक्या सहज पडला की त्याला स्वतःची लाज वाटली.

विहिरी भरल्या. मैनेच्या जागी मंजुघोषा उभी राहिली. तिने भावाला हाक मारायला तोंड उघडले, पण आवाज आला नाही.

जयंधर राजा झाला. दमल्या हाताने टाकलेला फासा धरू नये, असा नियम त्याने केला, आणि प्रजेने त्याला शहाणा म्हटले. दिवसभराच्या कामाने त्याचे डोळे मिटू लागले की मंजुघोषा येते आणि त्याच्यापुढे तळहात उपडा ठेवते. राजा तत्क्षणी काम सोडून झोपायला जातो. एवढेच त्या गुहेत एकदा ऐकले असते, तर 'दादा' ही हाक महालात आजही घुमली असती.