कुंदाची सातवी नळी

"पण सर, औषध यकृताच्या पेशींना इतकं घट्ट चिकटलं होतं. मग ती जागा हिस्टामिनची कशी नव्हती?"

पर्वतेसरांनी मान वर केली नाही. ते पावट्याच्या शेंगा सोलत होते.

विचारणारा हेमंत उपाळे. सरांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आता स्वतः एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. मी त्याच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. त्या सकाळी मिरजेत सरांच्या ओसरीवर आम्ही तिघंच होतो. हेमंतचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. खोटं कशाला बोलू, आधी जरा बरंच वाटलं.

"हिस्टामिनची जागा, हे कशावरून ठरवलंस?" सरांनी विचारलं.

"शिंका, खाज आणतं ते हिस्टामिन. ती थांबवणारं औषध त्याच्याच जागेवर जाऊन बसतं, तेव्हा त्याचा गुण येतो. आम्ही उंदरांच्या यकृतातल्या पेशींची आवरणं घेतली, त्यांत औषध घातलं, धुतलं. तरी सुटेना. म्हटलं, सापडली जागा. छापून टाकलं. नऊ वर्षं लोक मानत आले."

"मग?"

"आता दुसऱ्या कुणी दाखवून दिलं. औषधाला धरून बसलं होतं ते यकृतातलं एन्झाइम. औषध मोडून टाकणारं."

सरांचे हात थांबले. "हिस्टामिन ओतून पाहिलं होतंस? जागा त्याची असती, तर त्यानं औषधाला उठवलं असतं."

हेमंतनं नजर दुसरीकडे वळवली.

"हेमंत…"

"कुंदानं पाहिलं होतं. कुंदा घरत, माझी विद्यार्थिनी. सातव्या नळीत तिनं भरपूर हिस्टामिन ओतलं. औषध जागचं हललं नाही. तीनदा करून पाहिलं तिनं."

"आणि तू?"

"म्हटलं, तुझा हातच नीट चालत नाही. वहीतली ती ओळ मीच खोडली."

तो पुढं सांगू लागला.

"प्रबंध अर्धा टाकून ती उरणला घरी गेली. शिकवण्या घेते म्हणे…"

माझं बरं वाटणं तिथंच संपलं. कुंदाचं काम मी त्याच्या प्रयोगशाळेत पाहिलं होतं. वेंधळी नव्हती हो ती पोरगी!

"चूक जाहीर करतोय मी, सर. तिचं नाव घालून. पण ती माझा फोनच उचलत नाही."

सरांनी एक शेंग त्याच्या हातात ठेवली. "सोल."

त्यानं ती चिमटीत आवळली. शेंग फुटली आणि दाणे ओसरीभर उडाले.

"एवढी घट्ट का धरलीस?"

"फोडायची होती ना…"

टरफल त्याच्या बोटांतच होतं.

"पण मी तिला वाऱ्यावर सोडलं नव्हतं, सर," तो एकदम म्हणाला. "सहा वर्षं हाताखाली धरून ठेवलं. दुसरीकडून बोलावणं आलं, तरी जाऊ दिलं नाही. इतकं कोण धरतं हो कुणाला?"

सर खाली वाकून दाणे वेचू लागले. आम्हाला हात लावू दिला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"यकृतानंही धरलंच होतं की रे, हेमंत…"