तांबट आळीचे ठोके

एका गावात तांबटांची एक आळी होती. तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोड्यांचा असा ठणठणाट चाले, की नवराबायकोला भांडायचं झालं तरी दुपारच्या जेवणापर्यंत थांबावं लागे.

त्या आळीत भरदिवसा चोऱ्या होऊ लागल्या. पुरुष पुढच्या पडवीत भांडी ठोकत बसलेले, बायका नदीवर गेलेल्या आणि परसदार सताड उघडं. आज एकीची घागर गेली, उद्या दुसरीचा हंडा. एवढ्या आवाजात चोराची चाहूल लागणार कशी?

संशय गेला कल्हईवाल्यावर. तो बिचारा परगावाहून आलेला. कल्हईसाठी भांडी गोळा करायला घरोघरच्या परसात जायचा, एवढाच त्याचा गुन्हा. "त्याच्याशिवाय मागच्या दारी येतं कोण?" असं सगळ्यांत मोठ्यांदा कोण म्हणत होता, तर फुटकीतुटकी भांडी विकत घेणारा मोडवाला व्यापारी. शेवटी आळीनं ठरवलं, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत चोर सापडला नाही, तर कल्हईवाल्यानं बायको आणि मुलीला घेऊन गाव सोडायचं. त्याच्या बायकोनं रडत रडत भाता पोत्यात बांधून ठेवला.

गावचा कोतवाल मनानं वाईट नव्हता. रोज आळीत फेरी मारायचा. पण त्याला मुजऱ्याची भारी हौस. त्याचा लाल फेटा कोपऱ्यावर दिसला, की पहिला तांबट हातोडी ठेवून उभा राहायचा, मग दुसरा, मग तिसरा. कोतवालासमोर बसून ठोकत राहणं म्हणजे उर्मटपणा, अशी तिथली जुनी रीत. बघता बघता आळी चिडीचूप व्हायची.

"काही दिसलं का कुणाला?" कोतवाल विचारायचा.

"नाही जी," सगळे म्हणायचे.

खरं तर कुणी ना कुणी काहीतरी पाहिलेलं असायचं. पण बोललं की चावडीवर खेटे घालणं आलं, म्हणून जो तो गप्प बसायचा. कोतवाल मिशीवर ताव देत परत जायचा.

त्याच आळीत एक तांबटीण होती. विहिरीवर पाय घसरून पडली आणि पाय मोडून बसली. महिनाभर मागच्या खोलीत खाटेवर पडून होती. पाय जायबंदी झाला होता, जीभ मात्र शाबूत होती. बाजाराच्या आदल्या दिवशी कोतवाल तिची चौकशी करायला आत आला.

"या कोतवालसाहेब," ती म्हणाली. "तुम्ही आळीत आलात, की मला इथे पडल्या पडल्या कळतं बघा."

"ते कसं काय?"

"आळी मुकी होते की! मला भिंतीआड कळतं, ते परसातल्या चोराला कळत नसेल? तुम्ही मुजरे घेता, तेवढ्यात तो कुंपणापार होतो. तुम्ही गेलात, ठोके सुरू झाले, की पुन्हा हजर!"

"अगं, तोंड आवर!" तिचा नवरा घाबरून म्हणाला.

कोतवालाचा चेहरा पडला. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "बोलू द्या त्यांना," तो म्हणाला. "माझ्या हौसेपायी एका गरिबाचं बिऱ्हाड उठायला निघालंय."

दुपारी मोडवाल्यासारखे बाहेरचे कुणी नसताना त्यानं फक्त तांबटांना गोळा केलं. "उद्यापासून मी आलो तरी कुणी उठायचं नाही, हात थांबवायचा नाही. आणि जे पाहिलंत ते मला सांगा. चावडीवर कुणाला बोलावणार नाही. मीच इथे येऊन बसेन."

मग एक म्हातारा तांबट पुटपुटला, "मी परसातल्या चिखलात नाल ठोकलेल्या जोड्यांचे ठसे पाहिले होते."

"मीही पाहिले," दुसरा म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कल्हईवाला तर अनवाणी फिरायचा. आपण गप्प राहिलो म्हणून त्याच्यावर ही पाळी आली, हे कळून प्रत्येकाची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कोतवाल फेटा न बांधता आळीच्या टोकाला एका ओट्यावर जाऊन बसला. तांबटिणीनं सुतळीचं एक टोक स्वतःच्या हाताला आणि दुसरं पडवीत बसलेल्या नवऱ्यानं पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं. खाटेशेजारी एक नवा हंडा उघड्या परसदारातून दिसेल असा ठेवला होता आणि ती डोळे मिटून पडली.

थोड्या वेळानं परसदारातला उजेड अडला आणि तिच्या मिटल्या पापण्यांवर सावली पडली. कुणीतरी दबक्या पावलांनी खोलीत आलं. तांबटिणीनं डोळे उघडले नाहीत. पांघरुणाखाली हळूच सुतळी ओढली.

नवऱ्याच्या अंगठ्याला हिसका बसला. आत बायको एकटी, उठता न येणारी, आणि तिच्या शेजारी चोर! धावत आत जावं असं त्याला फार वाटलं. पण हातोडी थांबली तर चोर निसटणार आणि कल्हईवाला कायमचा बदनाम होणार. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि ठरलेला ठोका धरला, एक जोरात, दोन हळू. शेजाऱ्यानं तोच ठोका उचलला, त्याच्या पुढच्यानंही उचलला. असा ठोका आळीच्या टोकापर्यंत गेला. कोतवाल उठला आणि मागच्या गल्लीनं तांबटिणीच्या परसदारी जाऊन उभा राहिला.

चोर निवांत होता. ठणठणाट चालू आहे म्हणजे कोतवाल आलेला नाही, हे त्याला पाठ होतं. हंडा खांद्यावर घेऊन तो बाहेर पडला आणि थेट कोतवालाच्या पुढ्यात आला. पायात नालाचे जोडे, चेहरा मोडवाल्याचा.

त्याच दिवशी सगळी आळी कल्हईवाल्याच्या दारात गेली. म्हाताऱ्या तांबटानं हात जोडले. "चुकलं आमचं, बाबा." कोतवालानं खाली बसून पोत्याची गाठ स्वतः सोडली आणि भाता बाहेर काढून ठेवला.

तेव्हापासून कोतवाल रोज आळीत येतो, ओट्यावर बसतो, चार गोष्टी विचारतो, चार ऐकतो. त्याला बघून कुणी उठत नाही. आणि कल्हईवाल्याची बायको परसदारी आली, की तांबटीण तिला आत बोलावून चहा देते.

तात्पर्य एवढंच: रखवालदाराला भिऊन गप्प बसणाऱ्या वस्तीत चोर सुखी असतो आणि निरपराध भरडला जातो; वस्ती आणि रखवालदार एकमेकांशी मोकळेपणानं बोलू लागले, की चोराला लपायला जागा उरत नाही.