बरणीतला उजेड

“मग मी कधी निघू?” नरहरने तिसऱ्यांदा विचारलं.

भिकाबुवांनी जाळ्याला गाठ मारली, ओढून पाहिली आणि दुसरी घेतली.

चाळीस वर्षं समुद्रावर होडी हाकून बुवा आता जेटीजवळच्या झोपडीत बसून असत. गाव त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येई. नरहर घाटावरचा शाळामास्तर. नोकरी सोडून त्यांच्या पायाशी आला, त्याला दोन वर्षं झाली होती. पापणी न हलवता तो तीन तास ध्यानाला बसू शके, आणि हे तो कुणी न विचारताही सांगत असे.

पण त्याने डोळे मिटले की कुणीतरी टपकलंच म्हणून समजा. कुणाचं इंजिन बिघडलेलं, कुणाची सून.

“टेकडीवरच्या गुहेत शांत आहे, बुवा. इथल्या कलकलाटात माझ्या आतला उजेड विझत चाललाय.”

बुवांनी जाळं बाजूला सारलं.

“आज पाणी पेटलाहा,” ते म्हणाले. “बघलंस?”

“पाहिलं. चमकतात ते प्लवक असतात. एकपेशीय. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ओंजळभर पाण्यात हजारो.” नरहरमधला मास्तर जागा झाला होता.

“आसतीत,” बुवा म्हणाले. उभा जन्म त्यांनी याच उजेडावर मासा हेरला होता. थवा खालून सरकला की पाणी निळं व्हायचं. नाव तेवढं आज कळलं.

त्यांनी फळीवरची लोणच्याची रिकामी काचेची बरणी काढून दिली.

“ह्येच्यात भरून ठेव. उद्या काळोख पडलो की माका दाखय. उजेड होतो तसो ऱ्हवलो, तर जा.”

नरहर गुडघाभर पाण्यात शिरला. बरणी बुडवली तशी निळ्या ठिणग्या उडाल्या, आणि त्याला पोरासारखं हसू फुटलं. झाकण घट्ट लावून त्याने ती झोपडीमागच्या आपल्या खोपीत, कोनाड्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ऊन लागू दिलं नाही. धक्का लागू नये म्हणून स्वतः दारात बसला आणि गाऱ्हाणी घेऊन आलेल्या तिघांना परत पाठवलं. पडशीही बांधून ठेवली.

अंधार पडला. बरणीला हात न लावता त्याने वाकून पाहिलं.

काळं पाणी... नुसतं काळं पाणी.

त्याने हाक मारून बुवांना खोपीत बोलावलं. “गेला, बुवा. धक्कासुद्धा लागू दिला नाही मी. तरी...” दोन वर्षांचं सगळंच विझल्यासारखं त्याला वाटलं.

तेवढ्यात चांगुणा आत शिरली. जेटीवर मासे विकणारी. सकाळी परत पाठवलेल्या तिघांतली एक. राग तिने दिवसभर मुरवला होता.

“बुवानू, त्या वासंतीक काय ता सांगा. माझ्या जाग्यार तिना टोपली मांडल्यान.”

“कोनाड्यातली ती बरणी घे. मगे सांग.”

चांगुणाने बरणी खसकन ओढली. “काल मांडल्यान.” हात उडाला, आणि बरणीत निळा जाळ उठला. “आज मांडल्यान.” पुन्हा जाळ. “मी काय बोलाचाच नाय?” तिची नथ निळी, बुवांची दाढी निळी, खोपीच्या भिंती निळ्या. तिचं लक्षच नव्हतं. ती वासंतीच्या सात पिढ्यांपर्यंत पोचली होती.

नरहर आधी बघतच राहिला. मग हसू लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

“माझ्यार हसतास काय, मास्तरानू?” चांगुणा थबकली. हात खाली आला. बरणी काळी झाली.

“उजेड ऱ्हवलो मा?” बुवा म्हणाले. “जा आता.”

नरहरने पडशी ओढली... गाठ सोडली. आतलं कांबळं काढून जमिनीवर अंथरलं.

“बसा, मावशी. सकाळी चुकलो मी. पहिल्यापासून सांगा.”

बुवा दारापर्यंत गेले आणि वळले.

“सांग गो, चांगुणे. पण हात आवरू नको.”