यंत्राने परत केलेली सीडी

एका गावात रंगनाथ गुरव नावाचा एक शूटिंगवाला राहत होता. लग्न असो, बारसं असो, आजूबाजूची सगळी गावं त्यालाच बोलवायची. माणूस कामाचा सच्चा. हारातलं एक सुकलेलं फूलसुद्धा त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. एका वर्षी त्याने हाय डेफिनिशनचा नवा कॅमेरा आणला. नवरीच्या केसांत अडकलेले अक्षतांचे दाणे मोजून घ्यावेत, इतकं त्यात स्पष्ट दिसे. तेव्हापासून रंगनाथचे पाय जमिनीला लागेनात.

त्या कॅमेऱ्याने त्याने पहिलं लग्न टिपलं ते केवळाबाईंच्या वैजयंताचं. केवळाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा मागेच गेलेला, पोटी एकुलती एक लेक. आणि त्या गावची रीत अशी, की मुलीवर अक्षता पडताना आईने बघायचं नाही. तिने मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. ही रीत ज्याने पाडली त्याला लेक नसणार. केवळाबाईंनी मंगलाष्टकं नुसती कानांनी ऐकली, तांब्या रिकामा केला आणि मनाशी म्हटलं, सीडीत बघेन.

पाठवणीनंतर आठव्या दिवशी वैजयंता माहेरी आली. जावई फौजेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं आसामला निघायची होती. आई-लेकीने शेजारी बसून ते लग्न बघायचं, तर हातात ती एकच दुपार होती. शेजारच्या आठ-दहा बायका जेवणं उरकून आल्या. रंगनाथने दिलेली सीडी वैजयंताने टीव्हीखालच्या यंत्रात घातली. यंत्राने ती गरगरा फिरवली आणि बाहेर काढून दिली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेच. पडदा निळाच्या निळा.

केवळाबाई तशाच उठून रंगनाथच्या दुकानात गेल्या. त्याने समजावून सांगितलं, की ही साधी सीडी नव्हे, ब्ल्यू-रे आहे. हिला यंत्र वेगळं लागतं. त्या म्हणाल्या, मग आमच्या यंत्रावर चालेल अशी साधी करून दे. रंगनाथचं तोंड कडू झालं. साधी केली की चित्र पुसट होणार, जुन्या चौकोनी पडद्यासाठी कडा कापल्या जाणार, आणि बघणारे म्हणणार, हेच का रंगनाथचं काम?

"काकू, पैठणी विणून घेतलीत आणि आता तिचं पोतेरं करायला सांगताय," तो म्हणाला. त्यापेक्षा इथे दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर बघा, मी स्टूल देतो.

"येणारेजाणारे काचेतून बघणार आणि मी स्टुलावर बसून रडू होय रे?" केवळाबाई म्हणाल्या. "पंगतीला बोलावलंस रंगनाथ, आणि ताट माळ्यावर ठेवलंस."

एवढं बोलून त्या निघून गेल्या.

ते बोलणं त्याला झोंबलं. खोट आपल्या कामात नाही, हे दाखवायलाच तो दुकानातलं नवं यंत्र काखेत मारून त्यांच्या घरी गेला. टीव्ही वळवून मागे बघतो तर पिवळं, लाल, पांढरं अशी तीन गोल भोकं. आणि नव्या यंत्राच्या वायरीचं तोंड चपटं. ती कुठेच जाईना. रंगनाथ टीव्हीमागे गुडघ्यांवर बसून राहिला.

टीव्हीपुढच्या बायका अजून पांगल्या नव्हत्या. सीडी चालत नाही म्हटल्यावर वैजयंता आईला तोंडानेच लग्न सांगत होती. अंतरपाट धरला, मामाने दंड धरून आणलं, मग शेवटचं मंगलाष्टक झालं. केवळाबाई निळ्या पडद्याकडे बघत ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "अंतरपाट निघाला तेव्हा तू कुणाकडे बघितलंस गं?"

"नवऱ्याकडे. आणखी कुणाकडे बघणार?" वैजयंता म्हणाली, आणि बायका हसल्या.

रंगनाथ हसला नाही. त्याला ठाऊक होतं की पोरगी आईचं मन राखायला खोटं बोलते आहे. तो क्षण त्याने स्वतः टिपला होता. अंतरपाट निघाला तेव्हा नवरीने मान वळवली होती ती मागच्या दाराकडे, तुळशीच्या बाजूला. साऱ्या गावात ते एकट्या रंगनाथने पाहिलेलं. आणि ते त्याने अशा सीडीत घालून दिलं होतं, की जिच्यासाठी ते होतं तिलाच दिसू नये.

त्याने वायर गुंडाळली आणि दुकान गाठलं. सगळं लग्न साधं करायला वेळ नव्हता. तेवढा अक्षतांचा भाग त्याने उतरवून घेतला. कडा कापताना त्याचा हात जड झाला, पण थांबला नाही. दिवेलागणीच्या आत तो परत आला आणि सीडी वैजयंताच्या हातात दिली.

या वेळी यंत्राने ती परत केली नाही.

चित्र पुसट होतं. भटजी कडेला अर्धे कापले गेले होते. रंगनाथ दारातच उभा राहिला, मान खाली घालून. अंतरपाट निघाला. पडद्यावरच्या वैजयंताने मान वळवली आणि मागच्या दाराकडे बघत राहिली. केवळाबाई उठल्या, टीव्हीपाशी गेल्या, काचेवरच्या त्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"खोटारडी," त्या लेकीला म्हणाल्या, आणि तिला पोटाशी धरलं.

अर्धे कापलेले भटजी कुणालाच दिसले नाहीत. दिसत होते ते एकट्या रंगनाथला, आणि थोड्या वेळाने त्यालाही दिसेनासे झाले.

त्यानंतर रंगनाथने कॅमेरा बदलला नाही, कामातला नेटकेपणाही सोडला नाही. फक्त कुणी बोलवायला आलं की तो आधी विचारायचा, घरी कशावर बघता? जुना टीव्ही असेल त्याला साधी सीडी, नवा असेल त्याला पेन ड्राइव्ह, आणि ज्याची लेक परमुलखात असेल त्याला मोबाईलवर पाठवता येईल असं लहानसं चित्रण वेगळं. अस्सल प्रत तो आपल्या कपाटात जपून ठेवायचा.

तात्पर्य: आपलं काम किती उत्तम आहे याचा तोरा मिरवू नये, ज्याच्यासाठी ते केलं त्याच्या हाती लागलं, तरच ते पुरं झालं.